आपलं आपण सावरणारं मशीन

“लाल हाय का?”

“हाय की. खालच्या कडंला. पिकल्या मिरचीवानी.”

“मिरची म्हंजे लई झालं. थांब, उतरवतो. आता?”

“आता जरा कमी. बोरावानी लाली हाय.”

“अजून उतरवतो. आता?”

“आता करवंद. काळंच म्हणा, पण आत लाल व्हतं असं कळतंय.”

“बस्स. तिथंच पाहिजे.”

हे बोलणं भर सकाळी, भोकरदनच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, एका काळ्या घोंगडीच्या आत चाललं होतं. घोंगडीच्या बाहेर चार पाय दिसत होते. दोन पायजम्यातले आणि दोन जोडवी घातलेले. समोरच्या हॉटेलातले लोक बशीतला चहा फुंकायचं सोडून त्या चार पायांकडे बघत बसले होते.

“तातेराव,” हॉटेलवाले रामराव गल्ल्यावरून ओरडले, “घर हाय ना बाबा तुला? भर बाजारात काऊन घोंगडी पांघरून बसून राह्यला?”

हॉटेल खदखदून हसलं. तातेराव मिस्त्रींनी घोंगडीतून डोकं बाहेर काढलं. केस उभे, कपाळावर घाम. ते म्हणाले, “तुमच्या घोंगडीत कोणी येत न्हाई, त्याला मी काय करू रामराव?”

आता हॉटेल रामरावांवर हसलं. तातेरावांच्या पत्नी प्रेमलाबाई मात्र हसणं पुरतं थांबेपर्यंत घोंगडीतून बाहेर आल्या नाहीत. आत त्या तशाच, ॲम्प्लिफायरच्या गरम वाफेत तोंड घालून बसून राहिल्या.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. तेव्हा लग्न असो, भागवत सप्ताह असो नाही तर कुस्त्यांचा फड, गावोगाव लाऊडस्पीकरवाले जायचे ते ॲम्प्लिफायर घेऊन. त्याला कोणी ॲम्प्लिफायर म्हणत नसे, मशीनच म्हणत. त्या मशीनच्या पाठीवर काचेचे उभे व्हॉल्व असायचे, आत बारीक नारिंगी वात जळत असल्यासारखे. आवाजाचं सगळं बळ त्यांच्यात. पण व्हॉल्व हा मोठा हट्टी प्राणी. त्यातून करंट किती वाहू द्यायचा हे एका छोट्या स्क्रूनं ठरवावं लागतं, त्याला म्हणायचं बायस. बायस आवळला की आवाज मरतुकडा आणि खरखरीत निघतो. सैल सोडला की आवाज दणदणीत, पण व्हॉल्वच्या आतला पत्रा तापून लाल होतो. लाल झालेला पत्रा तसाच राहिला तर आधी व्हॉल्व जातो, मागोमाग ट्रान्सफॉर्मर.

हा स्क्रू नेमका कुठं थांबवायचा, यात तातेरावांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. लोक मीटर लावून बायस बघायचे. तातेराव पत्रा बघायचे. लाली जिथं जेमतेम विझते तिथं स्क्रू सोडायचा, म्हणजे व्हॉल्वचं असेल नसेल तेवढं बळ भोंग्यात उतरतं. दिवसाच्या उजेडात ती लाली दिसत नाही, म्हणून घोंगडी. ज्या मशीनचा आवाज तीन शिवारं ओलांडून जातो ते मशीन तातेरावांनी लावलेलं, असं लोक न विचारता सांगायचे. तातेरावांना ते ऐकायला फार आवडायचं, आणि आवडतं हे ते कोणापासून लपवतही नसत.

लपवायचं ते दुसरंच होतं.

वर्ष-दीड वर्षापूर्वी घोंगडीत त्यांना लाली दिसेनाशी झाली. आधी वाटलं व्हॉल्व जुने झाले. मग वाटलं घोंगडी विरली. प्रेमलाबाईंनी घोंगडी उन्हात धरून दाखवली, एक भोक नव्हतं. मग त्याच त्यांना जालन्याला घेऊन गेल्या. डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. भला माणूस होता. हातातलं काम ठेवून त्यानं नीट समजावलं, “काका, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकावी म्हणून हे थेंब. रोज, न चुकता.” कडेचं तर सगळं गेलंच होतं, मधलंही धुरकटलं होतं. समोरचा माणूस दिसायचा, वाट दिसायची, पण काळोखातली बारीक लाली काही आता दिसणार नव्हती.

येताना एसटीत तातेराव खिडकीकडे तोंड करून बसले. राजूर आलं तेव्हा म्हणाले, “कोणाला सांगायचं न्हाई.”

“माहेरीबी न्हाई?”

“कोणाला म्हंजे कोणालाच न्हाई. लाल दिसत न्हाई म्हणल्यावर मशीन कोण आणंल माझ्याकडं?”

दुसऱ्या दिवसापासून प्रेमलाबाई घोंगडीत शिरल्या. लाल म्हणजे किती लाल, हे सांगायला त्यांनी आपल्या जवळचे शब्द घेतले. मिरची, बोर, करवंद. तातेराव हातानं स्क्रू फिरवत आणि कानानं बायकोचं ऐकत. गल्लीला वाटलं, म्हाताऱ्याला पोरकटपणा सुचला. तातेरावांनी वाटू दिलं. म्हातारचळ लागला म्हणून लोक हसले तर चालेल, आंधळा झाला म्हणून कळवळायला नकोत, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात प्रेमलाबाईंच्या वाट्याला काय येईल, हे मात्र त्यांनी धरलं नव्हतं. हळदीकुंकवाला बाया विचारायच्या, “काय वो प्रेमलाबाई, घोंगडीत गार वाटतं की गरम?” त्या तिथं हसून घेत, घरी येऊन भांडी आपटत, आणि सकाळी पदर खोचून पुन्हा घोंगडीत शिरत.

त्या दिवशी घोंगडीखाली होतं ते मशीन पिंपळगाव रेणुकाईच्या साहेबरावांचं. साहेबरावांची लाऊडस्पीकर सर्विस म्हणजे तातेरावांचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी पिंपळगावला देवीची यात्रा होती. करवंदावर स्क्रू सोडून तातेरावांनी मशीनचं झाकण लावलं आणि साहेबरावांच्या जीपमध्ये चढवून दिलं.

चूक झाली होती, पण दोघांनाही तिचा पत्ता नव्हता.

चूक घोंगडीच्या आत नव्हती, बाहेर होती. आपल्याकडे तेव्हा सकाळी शेतीच्या पंपांची लाइन यायची. अख्ख्या तालुक्याच्या विहिरी एकदम पाणी उपसायला लागल्या की घरातले दिवे पिवळे पडत. दुपारी पंपांची लाइन गेली की तेच दिवे झगझगून उठत. म्हणून तातेराव नेहमी घोंगडीत शिरण्याआधी दुकानातल्या दिव्याकडे एकदा बघायचे. दिवा पिवळा असला तर स्क्रू करवंदावर न थांबवता अजून खाली, पार काळं होईपर्यंत न्यायचा, कारण दुपारी व्होल्टेज चढणार. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं वाटलंही नव्हतं, कारण ते बघणं डोक्यातून नाही, नुसत्या डोळ्यांतून व्हायचं. आता दिवा पिवळा की पांढरा, त्यांना सारखाच. आणि प्रेमलाबाईंचं डोकं घोंगडीत. त्यांनी सांगितलेलं करवंद अगदी खरं होतं, फक्त ते सकाळच्या पिवळ्या दिव्यातलं होतं.

यात्रेत दुपारी शेवटची कुस्ती लागली आणि नेमकी तेव्हाच पंपांची लाइन गेली. मशीनमधले व्हॉल्व करवंदाचे मिरची झाले. भर उन्हात कोणाला दिसणार? माईकवाले गुरुजी खुशीत ओरडत होते, आवाज कधी नव्हे एवढा गाजत होता. मग जळका वास आला, धूर आला आणि भोंगे मुके झाले. गुरुजींचं तोंड हलत राहिलं. कोणाची पाठ लागली, पंचांनी कोणाचं नाव घेतलं, कोणालाच ऐकू गेलं नाही. दोन गावांनी दोन पैलवान खांद्यावर घेतले. मग चपला उडाल्या, फेटे उडाले, आणि देवीच्या यात्रेत कधी झाला नाही असा राडा झाला.

साहेबराव दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आले ते तापलेलेच. जीपमधून उतरायच्या आधीपासून बोलत होते.

“मिस्त्री, काय करून ठेवलं हे? वीस वर्ष तुमच्या हातची मशीन वाजवून राह्यलो मी. पार इज्जत गेली ना गावात! पंच माझ्यावर, पैलवान माझ्यावर!”

तातेरावांनी झाकण उघडून आत बोटं फिरवली. ट्रान्सफॉर्मरचं डांबर वितळून खाली आलं होतं. बोटांना ते लागताच त्यांना सगळं कळलं. सकाळ, पिवळा दिवा, पंपांची लाइन. ते खाली बसले.

“साहेबराव, चूक माझी हाय.”

“चुकीचं मला सांगू नका, झालं कसं ते सांगा. तुमच्या हातून असं कधी झाल्तं का?”

एवढ्यात रामरावांच्या हॉटेलातून चहा आला. साहेबराव तापट असले तरी रीत सोडणारे नव्हते. त्यांनी एक कप उचलून तातेरावांपुढे, जरा डाव्या बाजूनं, धरला. तातेराव हात पुढे करेनात. साहेबरावांनी कप थोडा वर केला, खाली केला. तातेराव समोर बघत बसलेले. मग प्रेमलाबाई उठल्या, त्यांनी तो कप घेतला आणि नवऱ्याच्या हातात नेऊन दिला.

साहेबराव बघत राहिले. मग त्यांनी घोंगडीकडे पाहिलं, मग प्रेमलाबाईंकडे. वर्षभर गल्लीनं जी थट्टा केली होती ती सगळी त्यांना एकदम उलगडली असावी, कारण त्यांचा आवाज खाली आला.

“कधीपासून, वहिनी?”

“झालं वर्ष-दीड वर्ष.”

“मला सांगायचं ना.” त्यांनी मशीनचं उघडं झाकण लावून टाकलं. मग म्हणाले, “जाऊ द्या मिस्त्री. झालं ते झालं. तुमी आता आराम करा. जालन्याला ट्रान्झिस्टरची नवीन मशीन आली हायत म्हणतात, बघतो मी तिकडं.”

रागावलेले साहेबराव तातेरावांना चालले असते. हे हळू आवाजातले साहेबराव त्यांना सहन होईनात. चहाचा कप त्यांनी जमिनीवर ठेवला.

“आराम नगं. एक यात्रा द्या मला. पुढच्या वर्षीची. बिघडलं तर सगळी मशीनं उचलून न्या, मी तोंड उघडणार न्हाई.”

“अहो पण बघणार कोण? माझ्या पोरायला बायस कळत न्हाई, तुमाला दिसत न्हाई. दर वेळी वहिनीला घोंगडीत बसवणार का, भर आखाड्यात?”

“मशीनच बघंल,” तातेराव म्हणाले. “आपलं आपण बघंल अन् आपलं आपण सावरंल.”

हे बोलताना मशीन कसं बघणार आणि कसं सावरणार याची त्यांना काडीइतकीही कल्पना नव्हती. साहेबराव गेल्यावर प्रेमलाबाईंनी तेच विचारलं, तर म्हणाले, “तोंडातून निघून गेलं. आता करावं लागंल.”

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गिरिधर जोशी म्हणून एक जण होते. त्यांना असल्या गोष्टींचं वेड. त्यांच्याशी दोन-चार संध्याकाळी डोकं लावल्यावर वाट सापडली. व्हॉल्वच्या पायात एक छोटा रेझिस्टर घालायचा. करंट वाढला की त्याच्यावरचा दाब वाढतो. तो दाब दोन ट्रान्झिस्टरांनी ओळखायचा आणि जेवढ्यास तेवढा बायस आपोआप आवळायचा. करंट उतरला की सैल सोडायचा. लाइन चढो, उतरो, व्हॉल्व जुना घाला, नवा घाला, स्क्रूला हात लावायचं काम नाही. जोश्यांनी कागदावर आकृती काढून दिली. ती तातेरावांना काही दिसेना. मग प्रेमलाबाईंनी ती रांगोळी वाचावी तशी वाचून दाखवली.

“हितून रेघ खाली येती. तिथं ठिपका. ठिपक्यापासून दोन फाटे. एका फाट्यावर नागमोडी.”

“नागमोडी म्हंजे रेझिस्टर. त्याच्यावर काय लिव्हलंय?”

असं करत करत, पावसाळा गेला, दिवाळी गेली, बाईंच्या हाताला तारा जोडायला कथलाचा डाग द्यायचं वळण पडलं. दोन बोटं चांगली भाजली. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या त्या लांबून ओळखायला लागल्या, आणि तातेराव नुसत्या बोटांनी कुठला डाग कच्चा राहिला ते सांगायला लागले. कधी कधी दुपारभर दुकानात दोघांचं एकमेकांशी बोलणं चालायचं ते फक्त तपकिरी, काळा, लाल एवढंच. रामराव समोरून बघायचे. घोंगडी दिसेना म्हणून त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

माघात एका ओळखीच्या लग्नात ते मशीन पहिल्यांदा बाहेर काढलं. भर दुपारचा मुहूर्त. लाइन चढली, उतरली, प्रेमलाबाईंनी पदर धरून आत डोकावून पाहिलं, पत्रे काळेच. तातेरावांनी मिशीवर हात फिरवला. आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

भटजी खालच्या पट्टीत होते तोवर सगळं छान. त्यांनी ‘सावधान’ला आवाज चढवला आणि मशीननं जणू त्यांचा गळाच धरला. मोठा शब्द आला की आवाज चिरकायचा, मरायचा, मग हळूहळू परत यायचा. भटजींनी अजून जोर लावला, मशीननं अजून दाबलं. मांडवात आधी पोरं हसली, मग बाया, मग खुद्द नवरदेव. तातेरावांनी आपल्या हातानं मशीन बंद केलं. उरलेली मंगलाष्टकं भटजींनी तशीच उघड्या गळ्यानं म्हटली.

घरी येईपर्यंत काय झालं ते तातेरावांना कळलं होतं. मोठ्यानं बोललं की व्हॉल्वमधून करंट जास्त जाणारच, ते त्याचं कामच आहे. पण त्या दोन ट्रान्झिस्टरांना हे कुठं ठाऊक? त्यांना वाटायचं व्हॉल्व तापला, लगेच आवळ. बोलण्यासाठी वाढलेला करंट कुठला आणि तापण्यासाठी वाढलेला कुठला, हे त्यांना कोण शिकवणार? यात्रा तर दीड-दोन महिन्यांवर आलेली. तातेरावांना पहिल्यांदाच वाटलं की साहेबराव म्हणत होते तेच बरं होतं.

प्रेमलाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. नवऱ्याचं मन हलकं व्हावं म्हणून त्यांनी लग्नाचा विषय काढला.

“नवरीच्या मामानं फेटा बांधला व्हता ना—”

“मामा न्हाई, चुलता.”

“बरं, चुलता. तर त्यो मला म्हन्ला, तुमचं मशीन मोठ्यानं—”

“मोठ्यानं न्हाई. भटजीनं माईक तोंडाला लावला.”

“लावला. मंग ती पोरं हसायला—”

“पोरं नंतर हसली. आधी बाया.”

प्रेमलाबाईंनी हातातली भाकरी परातीत टाकली.

“एक वाक्य तरी पुरतं बोलू देता का मला? तोंड उघडलं की तुमी दाबूनच राह्यले! चुकलं तर मी गप झाल्यावर सांगा ना, मी कुठं पळून चालले? बोलता बोलता टोकून राह्यलं तर माणूस काय बोलंल, कप्पाळ?”

तातेरावांनी मान खाली घातली. प्रेमलाबाईंना वाटलं, लागलं म्हाताऱ्याला. त्या तव्याकडे वळल्या.

“पुन्हा म्हण,” तातेराव म्हणाले.

“काय पुन्हा म्हण?”

“आत्ता काय म्हन्ली ते.”

“भाकर जळंल. मी काई म्हणत न्हाई.”

“गप झाल्यावर सांगा म्हन्ली तू. बराबर हाय तुझं. बिलकुल बराबर हाय.” ते उठून उभे राहिले. चुलीच्या उजेडात त्यांचा चेहरा असा झाला होता की प्रेमलाबाईंचा राग कुठल्या कुठं गेला. “आगं, ते मशीनबी तेच करून राह्यलं. बोलता बोलता टोकून राह्यलं. आवाज कितीबी मोठा असू दे, त्याच्या हेलकाव्यात मधी मधी क्षणभर दोन्ही व्हॉल्व गप राहतातच. तेवढा गप असतानाचा करंट धरायचा अन् त्याच्यावरून बायस लावायचा. बाकीचं बोलू द्यायचं त्याला, बोंबलू द्यायचं पोटभर.”

“मंग मी काय येगळं म्हन्ले?” प्रेमलाबाई म्हणाल्या.

त्या रात्री भाकरी खरंच जळली, आणि ती दोघांनी बिनतक्रार खाल्ली. सकाळी जोश्यांना गाठून तातेरावांनी विचार सांगितला. जोश्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि एक डायोड, एक कंडेन्सर वाढवून आकृती सुधारून दिली. प्रेमलाबाईंनी ती पुन्हा वाचली, पुन्हा डाग दिले. यावेळी तातेरावांनी गल्लीतल्या गल्लीत भोंगा लावून रामरावांना माईकवर आणलं आणि पोटभर ओरडायला सांगितलं. रामरावांना तेच पाहिजे होतं. त्यांनी भजी, मिसळ आणि चहाचे भाव इतक्या जोरात सांगितले की बसस्टँडवरचे कंडक्टर बघायला आले. आवाज एकदाही मोडला नाही.

तरी यात्रा ती यात्राच. गल्लीत वाजलेलं मशीन यात्रेत वाजेल याची खात्री कोण देणार? पिंपळगावला निघताना तातेरावांनी घोंगडी घेतली नाही. प्रेमलाबाईंनी विचारलं तर म्हणाले, “घेतली तर मला वाटंल, माझाच भरोसा न्हाई.”

साहेबरावांनी दोघांना आखाड्याच्या कडेला, मशीनजवळच चादर टाकून बसवलं. तिथल्या लोकांना गेल्या वर्षीचं सगळं आठवत होतं. येणारा-जाणारा मशीनकडे आणि तातेरावांकडे बघून जायचा. तेवढं तातेरावांना पुरेसं जड झालं.

सकाळभर कुस्त्या झाल्या. पानाच्या टपरीतला दिवा पिवळा होता, प्रेमलाबाईंनी न विचारता सांगितलं. ऊन चढलं. रेवड्यांवर माशा बसायला लागल्या. शेवटची कुस्ती पुकारली गेली, हलग्या वाजल्या, आणि गुरुजींनी माईक तोंडाजवळ ओढला.

तातेरावांना ते आधी कानानं कळलं. रसवंतीवरच्या मोटरीची घरघर एकाएकी वर चढली. पंपांची लाइन गेली होती.

“दिवा?”

“पांढराफेक झालाय,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “डोळ्याला सहन व्हत न्हाई.”

गुरुजी ओरडत होते. पैलवान भिडले होते. भोंग्यांतून निघालेला आवाज डोंगरावर जाऊन परत येत होता, आणि गेल्या वर्षीही अगदी असाच येत होता. साहेबराव लांबून धावत येताना प्रेमलाबाईंना दिसले. तातेरावांनी मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर हात ठेवला. गरम होता, पण गरम तर तो असतोच.

“बघ,” ते म्हणाले. “आत बघ.”

प्रेमलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दोन्ही हातांनी मशीनच्या पाठीवर धरला आणि आत तोंड घातलं. भर आखाड्यात, हजारभर पुरुषांसमोर. त्यांना त्या क्षणी कोणाचीच लाज वाटली नाही.

“मिरची?” तातेरावांनी विचारलं.

“न्हाई.”

“बोर?”

“न्हाई.”

“करवंद तर असंलच की.”

“न्हाई.”

“मंग काय दिसतंय? नीट बघ.”

“नीटच बघून राह्यले मी. काईच दिसत न्हाई. ती बारकी वात सोडली तर निस्ता अंधार हाय, काळाकुट्ट.”

तातेरावांनी मोठा श्वास सोडला. वर गुरुजी जीव खाऊन ओरडत होते आणि आवाज कुठं तसूभर मोडत नव्हता.

“म्हंजे मला दिसतं तेवढंच तुलाबी दिसून राह्यलं म्हण की,” ते म्हणाले, आणि हसायला लागले.

प्रेमलाबाईंना आधी हसू आलं नाही. पदराच्या आत त्यांचे डोळे भरून आले. ते तिथंच, मशीनच्या उष्णतेत, कोरडे होईपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्यावर मात्र त्याही हसल्या. साहेबराव धापा टाकत येऊन पोहोचले, त्यांनी दोघांना हसताना पाहिलं आणि काही न विचारता खाली चादरीवर बसकण मारली.

“मिस्त्री,” दम खाऊन ते म्हणाले, “बाकीच्या मशीनीबी असल्याच करून टाका. जल्दी. अन् ते तुमच्या नजरेचं मी कोणाला सांगितलेलं न्हाई बरं का.”

“सांगा की आता,” तातेराव म्हणाले. “सांगायला काय हरकत हाय?”

आखाड्यात एकच गलका झाला. हलग्या थांबल्या. पंचांनी नाव पुकारलं, गुरुजींनी ते माईकवर तीनदा म्हटलं, आणि साऱ्या यात्रेनं ते तीनदा ऐकलं. कोणी चप्पल काढली नाही.

प्रेमलाबाई मशीनपासून जरा सरकून बसल्या. गेली दोन वर्षं जिथं जातील तिथं त्यांनी मशीनच्या पोटात डोकं घातलं होतं. आता बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. त्यांनी मान वर करून आखाड्याकडे पाहिलं.

“काय चाललंय?” तातेरावांनी विचारलं.

“जिंकला त्याला खांद्यावर घेतलाय. फेटे बांधून राह्यले त्याला.”

“ते ऐकलं मी. अन् हरला त्यो?”

प्रेमलाबाईंनी गर्दीत त्याला शोधलं. सापडायला वेळ लागला.

“त्यो हाय एकटाच, कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडंला. पाठीची माती झटकून राह्यला. हात पुरंना म्हणून एक म्हातारा आला, त्यो झटकून राह्यला आता. काईतरी म्हन्ला म्हातारा. हसले दोघंबी.”

“अन् मंग?”

“मंग त्यानं वाकून हौदातली माती कपाळाला लावली,” त्या म्हणाल्या. तातेरावांनी तोंड त्या बाजूला वळवलं आणि त्या पुढचं सांगत राहिल्या.